मेडिकलपर्यंत सायकल बंद

बाभुळवाडी, ता. माढा
१२ फेब्रुवारी १९७८

तीर्थरूप आबांना,

नमस्कार करतो. घरी सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मी ठीक नाही. मी चिडलेलो आहे.

काल आपल्या गावचा कोंडीबा सुतार सोलापूरहून परत आला. पिठाच्या गिरणीपाशी दहा माणसांत त्याने मला हाक मारली. म्हणाला, "हिंदुराव, तुझा बाप सात रस्त्याला सायकलीवर बघितला की रं! धोतर खोचलेलं, डोक्याला टॉवेल, आन् असा मारतोय पायडल, पोलिसानं शिट्टी मारली तरी थांबंना." सगळे हसले. मी म्हणालो, दुसरं कोणी असेल, आमचे आबा आजारी आहेत. तर म्हणतो, "आजारी? मला च्या पाजला आन् म्हनला, पोटरी दाबून बघ. दगड हाय दगड."

आबा, तुम्ही विसरला असाल तर सगळं पुन्हा लिहितो. दिवाळीच्या आधी तुम्ही कापडगिरणीत मागावर चक्कर येऊन पडलात. गिरणीच्या डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाब दोन्ही सांगितलं. बारा जूनला पुन्हा मेडिकल आहे. तोवर सुधारणा नसेल तर तुम्हाला अनफिट करून घरी पाठवणार. अनफिट झालेल्या कामगाराच्या मुलाला गिरणी त्याच महिन्यात बदली कामगार म्हणून घेते. वय होऊन निवृत्त झालेल्याच्या मुलाला घेत नाही. हा नियम मी केलेला नाही. संक्रांतीला घरी बसून तुम्हीच तो समजावलात आणि तुम्हीच म्हणालात, "माझी एकोणतीस वर्सं झाली. आता मी घरी येतो, तू जा." त्याच शब्दावर बार्शीच्या रावजी मामांनी त्यांच्या सोजरची माझ्याशी सुपारी फोडली. मुलगा गिरणीत लागणार, एवढंच त्यांना ठाऊक आहे. नववी नापास मुलाकडे दाखवायला दुसरं काय असतं?

आणि तुम्ही पोटऱ्या दाखवत फिरताय. गिरणीतलं कोणी बघितलं आणि डॉक्टरांच्या कानावर घातलं म्हणजे?

मेडिकल होईपर्यंत सायकल बंद ठेवा. नंतर हवी तेवढी चालवा. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

आपला,
हिंदुराव

*

सोलापूर
१९ फेब्रुवारी

चि. हिंदुरावास,

आबाचा आशीर्वाद. तुझं पत्र आलं. अक्षर बघून बरं वाटलं, मजकूर वाचून न्हाय.

खरं हाय. सायकल चालवतो. दारू पीत न्हाय, पत्ते कुटत न्हाय, सायकल चालवतो. गिरणीचा डॉक्टर नुसता लिहून घेतो. म्हणून मी शहरातल्या एका डॉक्टरला पाय दाखवलं. तो म्हनला, गोळ्या घ्या आन् रोज तासभर चाला. चाललं की तळपाय पेटतात माझं. मग म्हनला, सायकल येती का? मी म्हनलं, येती का म्हंजे? बाभुळवाडीवरनं सोलापूरला नोकरी बघायला मी सायकलीवरच आलतो, एका दिवसात. तुझ्या जन्माच्या आधी. मग ती इकली आन् पुन्हा बसलो न्हाय.

माझ्या शेजारच्या मागावर गुरुबसप्पा हाय, अक्कलकोटचा. त्याची जुनी सायकल बोळात पडून व्हती, सीटवर कोंबडी बसायची. कोंबडी उठवली आन् सायकल घेतली. गिरणीच्या मागच्या मैदानात गेलो. गुरुबसप्पानं मागनं धरलं. मी अशी टांग मारली, अशी टांग मारली, की थेट पलीकडच्या अंगाला जाऊन पडलो. गुरुबसप्पा म्हनतो, "ज्ञानबा, चढलास का उतरलास?" दोघंबी मातीत बसून हसलो. मला तर उठताच येईना.

आठ दिवस मांड्या असल्या दुखल्या की संडासाला बसता येईना. आता पहिल्या भोंग्याच्या आधी होटगी रस्त्यानं जाऊन येतो. जाताना वारं तोंडावर येतं, तवा वाटतं कशाला हा उद्योग. येताना तेच वारं पाठीवर घेतो. दिवाळीपासनं पाय माझे हायत का दुसऱ्याचे कळत नव्हतं. आता दुखतात, म्हंजे माझे हायत.

त्या डॉक्टरकडं नळीत निळं पानी असतं. त्यात लघवी घालून तापवतात. साखर लई असली की इटकरी रंग येतो. माझा इटकरी व्हता. परवा पिवळा आला. डॉक्टर म्हनला, हिरवा करून दाखवा.

तू चिडलास. चीड. बाप बरा होतोय म्हणून पोरगं चिडलंय, हे मी सोलापुरात कुणाला सांगू, तेवढं लिव. मेडिकलचं मेडिकलला बघू.

तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखव. कोंबडीचं आन् पडल्याचं बी दाखव.

आबा

*

बाभुळवाडी
२ मार्च

तीर्थरूप आबांना,

पत्र मिळालं. मी हसलो नाही.

"मेडिकलचं मेडिकलला बघू" याचा अर्थ मी तीन दिवस लावतो आहे. तुम्हाला पास व्हायचं आहे. स्पष्ट तसं लिहा ना. तुम्ही पास झालात तर अजून नऊ वर्षं मागावर राहाल, आणि मी तीस वर्षांचा होईन. नऊ वर्षं मी काय करू? दुसऱ्याच्या ऊसतोडीत मोळ्या मोजू? रावजी मामांना काय सांगू, की थांबा, आमच्या आबांना सायकलीचा नाद लागला आहे? शब्द देताना तुम्हाला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. माझं वय असताना तुम्ही सायकल काढून निघालात आणि नोकरी मिळाली. आता तसं मिळत नाही.

मी माढ्याला जाऊन एका कंपाउंडरला विचारून आलो. नाव सांगितलं नाही, एका माणसाचं असं आहे, एवढंच म्हणालो. पिवळ्याचा पुन्हा विटकरी होतो. वेगळ्या कागदावर नीट लिहून सोबत जोडतो आहे, म्हणजे चुकायला नको. सायकल आजपासून बंद. गोळ्या एक एप्रिलपासून बंद. पंधरा एप्रिलपासून चहात साखर दुप्पट आणि दोन्ही जेवणांनंतर गूळ, साधारण लिंबाएवढा. जून लागला की रोज चार पेढे. मेडिकलच्या सकाळी काही खाऊ नका म्हणतील, तरी खा. बारा जूनला दुपारी गोळ्या पुन्हा सुरू करायच्या, मग कायमच्या. दोन-अडीच महिन्यांत माणसाला काही होत नाही. तेही विचारलं आहे.

हे लिहिताना मला आनंद होत नाही. पण घरात कोणीतरी विचार करायला हवा.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तिलाही असंच वाटतं.

आपला,
हिंदुराव

*

सोलापूर
९ मार्च

चि. हिंदुरावास,

तुझ्या आईला, सारजाला बी असंच वाटतं म्हणतोस. मग माझं बोलणं संपलं.

सायकल गुरुबसप्पाच्या बोळात लावून आलो. तो म्हनला, पंक्चर झाली का? मी म्हनलं, व्हय.

तुझा कागद भिंतीला चिकटवलाय. लांबनं वाचता येतो.

एकच इचारतो. तुझी आई हे सांगताना कुटं बसली व्हती? चुलीपाशी का उंबऱ्यावर? लिव.

आबा

*

बाभुळवाडी
२५ मार्च

तीर्थरूप आबांना,

आई चुलीपाशी बसली होती. भाकरी करत होती. तिने तवा उतरवला आणि मग बोलली. पदराने हात पुसले. म्हणाली, "पोराचं बघायला पाहिजे." एवढंच. मग पुन्हा भाकरी करायला लागली.

तुम्ही असं तुटक लिहिलं की मला राग येतो. मी चोरी करतो आहे का? गिरणीत सगळे हेच करतात. कोणाचे डोळे गेले म्हणतात, कोणाची कंबर. तुम्हाला तर खराच आजार आहे. खोटं सांगायचंच नाही, फक्त खरं झाकायचं नाही.

रावजी मामा येऊन गेले. लग्न जूनच्या शेवटच्या आठवड्यात धरू म्हणाले. जाताना म्हणाले, "आधी नोकरीचा कागद दाखवा, मग मांडव घालू." आईने त्यांना शिरा केला होता.

गुळाचं पंधरा तारखेपासून आहे, त्याआधी नाही. सगळं तारखेप्रमाणे करा.

आपला,
हिंदुराव

*

सोलापूर
३ मे

सारजाबाई वैनींना गुरुबसप्पाचा नमस्कार.

माझं मराठी लिहिणं चांगलं न्हाय, समजून घ्या. मी रागात हाय.

तुमचा नवरा काल मागावर पडला. दुपारच्या पाळीला. कपाळ लोखंडाच्या बाजूनं गेलं, चार बोटं. मी होतो म्हणून धरलं. गिरणीत कळू दिलं न्हाय, घाम आला म्हणून सांगितलं. त्याला खोलीवर नेलं. उजव्या टाचेला जखम हाय, दहा दिवस झालं, भरत न्हाय. गोळ्या कुठं म्हटलं तर तोंड फिरवतो. डबा उघडला तर गूळ!

भिंतीवर कागद हाय. तारखा हाय. साखर कधी खायची, गोळी कधी सोडायची, पेढे किती. अक्षर मोत्यासारखं. असलं अक्षर काढायला शाळेत किती वर्षं घातली असतील, आणि लिहिलं काय तर हे! मी फाडायला गेलो. त्यानं हात धरला. म्हणतो, "राहू दे गुरुबसप्पा. सारजाचं म्हणणं हाय."

वैनी, मी चार वेळा तुमच्या हातची भाकरी खाल्ली. मला हे पटत न्हाय. खरं असेल तर तसं लिहा, पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवणार न्हाय. खोटं असेल तर मिळेल त्या एस्टीनं या.

तुमच्या मुलाला हे पत्र दाखवू नका.

गुरुबसप्पा

*

सोलापूर
९ मे

हिंदुराव,

मी सांगते आन् तुझा बाप लिहितो. मधनं मधनं पेन थांबवतो, म्हनतो हे नको. मी म्हनते, लिव. तर तो लिहितोय.

गुरुबसप्पा भावजींचं पत्र आलं तवा तू बार्शीला गेलतास, लग्नाचं बोलायला. पोस्टमन देऊन गेला. तू आल्यावर वाचून घ्यावं म्हणून मी फडताळात ठेवत व्हते. तेवढ्यात शाळेतल्या गोजाबाई मास्तरीण ताक मागायला आल्या. मी म्हनलं, बाई, बघा तेवढं कुणाचं हाय. त्यांनी वाचलं. मी चुलीवरचं दूध तसंच ठेवून निघाले. तुला घर बंद दिसलं ते त्यामुळं. कुटं गेली म्हणून तू चार दिवस शोधलं असशील, तर शोध.

माझ्या नवऱ्याला मी गूळ खायला सांगितला? मी तवा उतरवला? पदरानं हात पुसलं? एवढं रचून लिहिताना तुझ्या हाताला काहीच कसं झालं न्हाय रं?

आन् एक. तू मला त्याची पत्रं वाचून दाखवायचास. "तब्येत बरी हाय, काम चालू हाय, काळजी नसावी." तेवढंच. मी म्हनायचे, एवढ्या मोठ्या कागदावर एवढंच कसं? तू म्हनायचास, आबांचं अक्षर मोठं हाय. हितं आल्यावर त्यानं मला सांगितलं, कोंबडी उठवली, टांग मारली ती पलीकडं पडला, आन् भावजी म्हनलं चढलास का उतरलास. मी हसले असते की रं. चार महिने झालं, त्या घरात मी हसले न्हाय, आन् हसायचं पत्र तुझ्या खिशात.

तुझा बाप म्हनतो, पोरगं भ्यालंय, त्याला बोलू नगंस. भ्यालंय तर भ्यालंय. मी काय भ्याले न्हाय का? दिवाळीला हा पडला तवापासनं मी रोज भ्याले. म्हणून कुणाला गूळ चारला न्हाय.

डॉक्टरकडं नेलं. नळीत इटकरीच्या बी पलीकडचा रंग आला. डॉक्टर तुझ्या बापावर वरडला, मग माझ्यावर वरडला. मी ऐकून घेतलं. तुझं नाव सांगितलं न्हाय. गोळ्या सुरू केल्या. टाच बांधलीय. ती भरली की सायकल काढणार. मी सोता बोळात उभी राहून बसवणार.

आता मेडिकलचं. हा येडा म्हनतो, "पोराला शब्द दिलाय. तो म्हणंल तसं करतो." मी सांगून दमले. तर मग तूच ये. बारा जूनला ये, डॉक्टरसमोर उभा राहा आन् तुझ्या बापाला काय झालंय ते तूच सांग. कागदावर नको. तोंडानं सांग.

तुझा कागद मी फाडला न्हाय. भिंतीवरच हाय. आलास की तुझा तूच काढ.

तुझी आई, सारजाबाई

(हिंदुराव, आई सांगती ते सगळं लिवलंय. ये मात्र. यायला भाडं नसलं तर कळव. आबा)

*

सोलापूर
१४ जून १९७८

श्री. रावजी मामांना,

नमस्कार. माझ्या वडिलांऐवजी मी लिहितो आहे, कारण हे मलाच लिहायचं आहे.

परवा गिरणीत माझ्या वडिलांचं मेडिकल झालं. मी हजर होतो. आदल्या दिवशी आलो, तेव्हा आईने दार उघडलं आणि पाट मांडला. वडील नव्हते. थोड्या वेळाने आले, सायकल भिंतीला टेकवली आणि घाम पुसत म्हणाले, "आलास व्हय? कंबर तलावाला दोन फेऱ्या मारल्या. तीन मारणार हुतो, टाच म्हनली पुरे." मला त्यांचा फार राग आला. आजारी माणसाने आजारी दिसावं, असं मला वाटत होतं. ते आजारी दिसत नव्हते.

गिरणीच्या डॉक्टरांनी वजन केलं, रक्तदाब बघितला. नळी तापवली तर रंग हिरवा आला. ते म्हणाले, "हा रंग फिटकडेही जातो आणि अनफिटकडेही. ज्ञानबा, तुमचं काय म्हणणं?" वडील म्हणाले, "माझं काय न्हाय साहेब. पोराला इचारा." डॉक्टर माझ्याकडे वळले. "घरी चक्कर येते का? अलीकडे कधी पडले होते?"

मामा, मला फक्त "हो" म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. तेवढ्यावर मला बदलीचा कागद मिळाला असता आणि तो घेऊन मी आज तुमच्या दारात उभा असतो. माझे वडील मान खाली घालून सदऱ्याची गुंडी लावत होते. ती त्यांना लागत नव्हती. मी काय म्हणेन ते त्यांना चालणार होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मी म्हणालो, "दोन मे रोजी पडले. एक एप्रिलपासून गोळ्या बंद होत्या. त्या मी बंद करायला लावल्या होत्या. गूळही मीच खायला सांगितला होता. गोळ्या आणि सायकल चालू असली की ते पडत नाहीत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तू बाहेर हो." मी बाहेर झालो. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. वडील बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फिट असल्याचा कागद होता. खोलीवर येऊन मी भिंतीवरचा एक कागद काढला. तो खळीने इतका घट्ट चिकटवला होता की निम्मा भिंतीवरच राहिला. आई म्हणाली, "नखानं खरवड." मी खरवडला.

मी सुधारलो, असं तुम्हाला भासवायचं नाही. माझा राग गेलेला नाही. बाप पडल्याशिवाय मुलाला आत घ्यायचं नाही, हा नियम ज्याने केला, त्याला कधी बाप होता की नाही, मला माहीत नाही. वडिलांनी न विचारता मला शब्द दिला, त्याचाही राग आहे. मी आईच्या नावाने लिहिलं त्याचा कोणावर राग काढावा, ते मला अजून सापडलेलं नाही.

आता तुमच्यापुरतं. मला गिरणीत नोकरी लागणार नाही. वडील अजून नऊ वर्षं कामावर राहतील, सायकलीवर बसून जातील आणि बसून येतील. माझ्याकडे आज दुसरी नोकरी नाही. मिळवीन म्हणतो, पण ते नुसतं म्हणणं आहे, तो शब्द समजू नका.

सुपारी मोडायची असेल तर मोडा. मी दोष देणार नाही. मात्र तुमच्या भावकीत विचारतील, जमलेलं का मोडलं, मुलात काही खोट होती का. तेव्हा माझ्यात हवी तेवढी खोट सांगा, पण मुख्य कारणही सांगा. सांगा, की मुलाचा बाप बरा झाला.

आपला,
हिंदुराव ज्ञानबा